सत्तरीपुढच्या आई-वडिलांचा सरकारी आरोग्य विमा: कार्डापासून डिस्चार्जपर्यंत

बाबा मोरीत घसरून पडले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णालयाच्या खिडकीवरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "योजनेतून करायचं की कॅश?" बाबा स्ट्रेचरवर कण्हत होते आणि योजना म्हणजे नेमकं काय, हे मला ठाऊक नव्हतं. मी कॅश म्हणून मोकळी झाले. सकाळपर्यंत पन्नास हजार डिपॉझिट भरून झालं होतं. पुढच्या बिलासाठी आईच्या पाटल्या बँकेत गहाण ठेवाव्या लागल्या. चार महिन्यांनी कळलं की आमच्या केशरी रेशनकार्डावर ते ऑपरेशन बसत होतं आणि ते रुग्णालयही योजनेत होतं. रेशनकार्ड तेव्हा गावी पत्र्याच्या पेटीत होतं.

पुढे आईच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी सगळे कागद आधीच तयार होते. उपचाराचा एक रुपयाही भरावा लागला नाही. या दोन आजारपणांच्या मधल्या काळात मी जे हेलपाटे घातले, ते तुम्हाला घालावे लागू नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. घरातलं माणूस हिंडतं-फिरतं आहे तोवरच यातल्या पहिल्या सहा पायऱ्या उरकून टाका.

1. तुमचे आई-वडील कोणत्या योजनेत बसतात ते आधी ठरवा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण योजना एकच नाही.

वय 70 पूर्ण झालं असेल तर आयुष्मान भारत योजनेतलं "आयुष्मान वय वंदना" कार्ड मिळतं. ही सोय 29 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार यात होतात. उत्पन्नाची अट नाही. पेन्शन असो, पांढरं रेशनकार्ड असो, प्राप्तिकर भरत असोत, तरी चालतं. "आपण गरीब थोडेच आहोत, आपल्याला कोण देतंय" असं म्हणून आमच्या ओळखीतले कितीतरी निवृत्त शिक्षक अजून गेलेले नाहीत. त्यांना हाताला धरून न्या.

वय सत्तरच्या आत असेल तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली ती हीच, म्हणून गावाकडे अजूनही तिला "जीवनदायी" म्हणतात. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. आता पांढरं रेशनकार्ड असलेली कुटुंबंही त्यात आहेत आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाख झाली आहे. साठी ते सत्तरीच्या मधल्या माणसांसाठी हीच मुख्य योजना.

केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस ही आरोग्य योजना असते आणि माजी सैनिकांना ईसीएचएस ही. अशांनी सत्तरीनंतर आयुष्मान घ्यायचं की आहे तेच ठेवायचं, यातलं एकच निवडायचं असतं, दोन्ही मिळत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की घाईने बदलू नका. सीजीएचएसच्या दवाखान्यातून रोजच्या गोळ्या मिळतात. आयुष्मानमध्ये फक्त दाखल झाल्यावरचे उपचार आहेत. खासगी विमा किंवा ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) असेल तर मात्र असा पेच नाही, ते ठेवून आयुष्मान कार्डही काढता येतं.

ईएसआयसीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कारखान्यात किमान 5 वर्षं ईएसआय कापला गेला असेल आणि माणूस निवृत्तीच्या वयाला निवृत्त झाला असेल, तर महिन्याला 10 रुपये, म्हणजे वर्षाचे 120 रुपये एकदम भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला ईएसआयचे उपचार पुढेही मिळतात. चाकण, अंबड, बुटीबोरी, वाळूज इथून निवृत्त झालेल्यांनी आपला जुना ईएसआय नंबर शोधून शाखा कार्यालयात चौकशी करावी.

गोव्यातल्या वाचकांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. किमान 5 वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला ती मिळते. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर 4 लाख. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड याहून वेगळं आहे.

2. आधार कार्ड उघडा आणि जन्मतारीख वाचा

वय वंदना कार्डासाठी वय धरतात ते आधारवरचं. शाळेचा दाखला, जन्मकुंडली, पेन्शनचं पुस्तक, यातलं काही तिथे चालत नाही. आमच्या पिढीच्या आईबापांच्या आधारवर जन्मतारीख अंदाजे टाकलेली असते. शिबिरात कुणीतरी विचारलं, "आजी, वय किती?" आणि आजींनी सांगितलं तेच छापलं गेलं. शेजारच्या काकू खऱ्या 73 वर्षांच्या, पण आधारवर 68. त्यांना आधी आधार दुरुस्त करावा लागला. जन्मतारीख आधारवर साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा पक्का पुरावा घेऊनच जा आणि केंद्रावरून निघण्याआधी पावतीवरची तारीख वाचून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल नंबर. ओटीपी त्याच नंबरवर येतो. कित्येक घरांत तो नंबर मुलाचा असतो आणि मुलगा असतो ह्यूस्टनला किंवा दुबईला, ते सिम कधीच बंद पडलेलं. परदेशातून आई-वडिलांसाठी धडपडणाऱ्यांनी सुट्टीवर आल्यावर पहिलं काम हे करावं: आधारला आई-वडिलांचा स्वतःचा, घरी चालू असलेला नंबर जोडून द्यावा. हे काम आधार केंद्रावर होतं.

तिसरी गोष्ट नावाची. आधारवर "पांडूरंग" आणि रेशनकार्डावर "पांडुरंग", आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं. महात्मा फुले योजनेत रेशनकार्ड आणि आधार दोन्ही लागतात, तेव्हा ही नावं आजच शेजारी ठेवून ताडून बघा. रेशनकार्ड ऑनलाइन झालं आहे ना, त्याचा 12 अंकी नंबर काय, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं त्यात अजून आहेत ना, हेही पाहा. वेगळं राहायला लागल्यावर मुलाने कार्ड विभक्त केलं आणि आई दोन्हीकडून सुटली, असं आमच्या वाडीत घडलेलं आहे.

3. हे कागद एका फाइलमध्ये लावा

- आधार कार्ड, मूळ आणि दोन झेरॉक्स
- आधारला जोडलेला मोबाइल, चार्ज केलेला
- रेशनकार्ड, पहिलं आणि शेवटचं पान झेरॉक्ससह
- आयुष्मान कार्डाची छापील प्रत (चौथी पायरी झाल्यावर)
- जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आधीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड
- खासगी विमा, ईएसआयसी किंवा सीजीएचएस असेल तर त्याचा नंबर

वय वंदना कार्डासाठी यातलं फक्त आधार लागतं. बाकीचे कागद रुग्णालयात दाखल होताना लागतात.

4. कार्ड काढा

दोन मार्ग आहेत. पहिला घरून, मोबाइलवर. "आयुष्मान" ॲप उतरवा किंवा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन हे संकेतस्थळ उघडा. लाभार्थी म्हणून मोबाइल नंबर टाकून आत गेलात की सत्तरीपुढच्यांच्या नोंदणीचा वेगळा पर्याय दिसतो. तोच निवडा. साध्या आयुष्मान यादीत नाव शोधायला गेलात तर नाव सापडणार नाही आणि आपण अपात्र आहोत असं वाटेल. बरेच जण इथूनच परत फिरतात. आधार नंबर टाका, ओटीपी द्या, मग समोर बसवून फोटो काढा, पत्ता, पिनकोड आणि कुटुंबातल्या माणसांची माहिती भरा. दुसरी एखादी सरकारी योजना आहे का, असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर खरं द्या. पडताळणी झाली की कार्ड उतरवून घेता येतं.

दुसरा मार्ग म्हणजे आपले सरकार सेवा केंद्र, सीएससी केंद्र किंवा योजनेतल्या रुग्णालयातला मदत कक्ष. आमच्याकडे आशाताई घरी येऊन कार्ड काढून देतात. तुमच्या गावात विचारा.

आईच्या वेळी ओटीपी यायला तयार नव्हता आणि बोटांचे ठसेही उमटत नव्हते. पन्नास वर्षं राखेनं भांडी घासली, चुलीवर भाकरी थापल्या, अंगठ्याच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. केंद्रावरचा मुलगा यंत्रावर तिचं बोट दाबून दाबून थकला आणि म्हणाला, "आजींचं होणार नाही." आई गप्प बसली, हात पदरात घेतला. मला ते फार लागलं. नंतर कळलं की ठसे लागत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. चेहऱ्याची पडताळणी मोबाइलवरही होते, त्यासाठी आधारचं फेस आरडी नावाचं ॲप सोबत लागतं. दुसऱ्या केंद्रावर खिडकीजवळच्या उजेडात आईला बसवलं, चष्मा काढायला सांगितला, आणि तिसऱ्या प्रयत्नात झालं. तेव्हा कुणी "होणार नाही" म्हणालं तर ते शेवटचं उत्तर समजू नका. दुसऱ्या मार्गाने करा म्हणून सांगा.

नोंदणी मोफत आहे. फोन करून पाचशे रुपये आणि ओटीपी मागणाऱ्याला काहीही देऊ नका. ओटीपी फक्त आपण स्वतः समोर बसून काम करून घेत असू तेव्हाच सांगायचा.

5. पाच लाख कुणाचे, आणि कशासाठी, हे समजून घ्या

नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून वर्षाला 5 लाख असतात, प्रत्येकी नव्हे. कार्ड मात्र दोघांचं वेगवेगळं निघतं, दोघांचंही काढा. घर आधीपासून आयुष्मान भारतच्या यादीत असेल, तर सत्तरीपुढच्यांना स्वतःसाठी वेगळे 5 लाख मिळतात आणि त्यांना ते घरातल्या सत्तरीच्या आतल्या माणसांशी वाटून घ्यावे लागत नाहीत.

साखर, रक्तदाब, जुना हृदयविकार आधीपासून असला तरी कार्ड पहिल्या दिवसापासून चालतं. खासगी पॉलिसीसारखी दोन-तीन वर्षं थांबावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

आता यात काय बसत नाही ते. दाखल न होता दाखवायला गेलात तर डॉक्टरांची फी, रोजच्या गोळ्या, नुसत्या तपासण्या, दातांची कवळी, चष्मा, यातलं काही मिळत नाही. गोळ्यांच्या खर्चासाठी जवळचं जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान, शोधून ठेवा. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. आई साखरेच्या गोळ्या आता ग्रामीण रुग्णालयातूनच आणते.

6. रुग्णालय आजच शोधा

सरकारी रुग्णालयांबरोबर बरीच खासगी रुग्णालयंही योजनेत आहेत. "योजनेत आहे" एवढं ऐकून मात्र थांबू नका. रुग्णालय ठरावीक विभागांसाठी योजनेत असतं. एखादं फक्त हाडांसाठी, एखादं डोळ्यांसाठी, एखादं किडनीसाठी. हृदयाचा रुग्ण घेऊन हाडांच्या रुग्णालयात पोचलात तर रात्री पुन्हा रुग्णवाहिका शोधावी लागेल. शिवाय काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेले आहेत, ते खासगीत योजनेतून होत नाहीत.

मी केलं ते सांगते. एका दुपारी वेळ काढून घरापासून तासाभराच्या अंतरातली तीन रुग्णालयं फिरले. प्रत्येक ठिकाणी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या कामासाठी रुग्णालयात नेमलेल्या मदतनिसाचं, टेबल शोधलं आणि तीनच प्रश्न विचारले: हृदय, हाड आणि मेंदू यांपैकी इथे योजनेतून काय होतं, रात्री आणि रविवारी योजनेचं कोण असतं, आणि येताना काय आणायचं. उत्तरं वहीत लिहिली. फोनवर विचारायचं असेल तर आयुष्मानचा 14555 आणि महात्मा फुले योजनेचा 155388 किंवा 1800 233 2200 हे नंबर आहेत. हे नंबर आई-वडिलांच्या साध्या मोबाइलमध्येही भरून ठेवा, मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा.

आयुष्मान कार्ड राज्याबाहेरच्या योजनेतल्या रुग्णालयांतही चालतं. आई-वडील सहा महिने बेळगावच्या, बंगळुरूच्या किंवा सुरतच्या मुलाकडे राहत असतील तर तिथलंही एक रुग्णालय बघून ठेवा.

7. दाखल होताना पहिल्या मिनिटाला योजनेचं नाव घ्या

खिडकीवर पहिलं वाक्य हेच बोला: "आम्हाला योजनेतून करायचं आहे, आरोग्यमित्र कुठे आहेत?" बाबांच्या वेळी मी हेच बोलले नव्हते. योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर बिल दाखवून परत मिळवायचा मार्ग यात नाही, आणि एकदा कॅशवर फाइल उघडली की ती योजनेत आणायला फार झगडावं लागतं.

त्यानंतरचा क्रम असा: आरोग्यमित्र कार्ड तपासतात आणि ओळख पटवतात. डॉक्टर तपासून उपचार ठरवतात. रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं. मंजुरी आली की ऑपरेशनची तारीख मिळते. माणूस अत्यवस्थ असेल तर फोनवरून कळवून उपचार आधी सुरू करण्याची आणि कागद नंतर देण्याची सोय आहे. "कार्ड आणा, मग हात लावू" असं कुणी म्हणालं तर तिथूनच 14555 लावा.

आईची मंजुरी यायला जवळजवळ दिवस गेला. त्या दिवसात मी तीन वेळा घाबरून पैसे भरायला निघाले होते. आरोग्यमित्र असलेल्या ताईंनी अडवलं, "थांबा ताई, रिपोर्टची एक फिल्म अपलोड व्हायची राहिलीय." अर्ज अडकला असेल तर बहुतेक वेळा असाच एखादा कागद राहिलेला असतो. दर दोन तासांनी जाऊन विचारा, काय कमी आहे ते लिहून घ्या आणि लगेच आणून द्या.

8. वरचे पैसे मागितले तर

योजनेच्या पॅकेजमध्ये खाट, जेवण, औषधं, तपासण्या, ऑपरेशन आणि आत बसवायचं साहित्य, सगळं धरलेलं असतं. तरी आईला आत नेण्याच्या तासभर आधी एका माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "योजनेतला स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी) साधा असतो, चांगला हवा तर फरकाचे साठ हजार द्या." त्या घडीला आपण कशालाही हो म्हणतो. आईच्या जिवाचा प्रश्न असतो. मी आरोग्यमित्र ताईंसमोर जाऊन एवढंच विचारलं, "हे पैसे कशाचे, मला पावती लिहून द्याल का?" पावतीचं नाव निघाल्यावर विषय संपला.

तुम्हीही पावती मागा, ज्याने मागितले त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, मग आरोग्यमित्र, योजनेचे जिल्हा समन्वयक आणि सहाव्या पायरीतले फोन नंबर या क्रमाने तक्रार करा. तक्रारीचा नंबर घ्यायला विसरू नका. रुग्ण आत असताना तक्रार केली तर उपचारात हयगय होईल ही भीती मला ठाऊक आहे, मीही ती अनुभवली आहे. निदान पैसे तरी देऊ नका. तक्रार डिस्चार्जनंतर करा, पण करा.

आजार योजनेत बसतच नसेल तर महाराष्ट्रात आणखी एक मार्ग आहे. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

9. डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका

त्या दिवशी बऱ्याच कागदांवर सह्या घेतात. त्यात समाधानपत्रही असतं. उपचाराचं नाव आणि रक्कम वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका, कारण तेवढी रक्कम तुमच्या 5 लाखांतून वजा होते. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं आणि फेरतपासणी पॅकेजमध्येच धरलेली आहे. महात्मा फुले योजनेत रुग्णाला घरी जायला एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही मिळतं. हे मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही. आम्हाला एसटीच्या भाड्याचे पैसे मिळाले तेव्हा आईने ते मोजून कनवटीला लावले आणि गाडीत बसेपर्यंत दोनदा चाचपून पाहिले.

घरी आल्यावर डिस्चार्ज कार्डाच्या तीन प्रती ठेवा, एक झेरॉक्स फाइलमध्ये, एक गावी, आणि एक मोबाइलमध्ये फोटो म्हणून. फेरतपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशीही कार्ड सोबत न्या, नाहीतर खिडकीवर केसपेपरचे पैसे भरा म्हणतील.